डोहाळजेवणाची फळी

माझ्या बहिणीचं डोहाळजेवण मी केलं, असं म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही. मी एक फळी सजवली, एवढंच खरं. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, आंब्याच्या लाकडाची. त्या दिवशी सकाळी बहिणीने मला एक गोष्ट सांगितली होती. मी ती कानांनी ऐकली आणि फळीकडे वळले. ही गोष्ट तिला आणि मला सोडून कोणालाही ठाऊक नाही. आज लिहिते आहे तेसुद्धा नावं गाळून, कारण ते धैर्यही माझ्यात अर्धंच आहे.

आम्ही दोघीच बहिणी. माहेर धुळ्याकडच्या एका खेड्यातलं. वडील फार आधी गेले, आई अलीकडे गेली, भाऊ नाही. गावच्या घराला कुलूप आहे. मी लग्न होऊन जळगावला आले, पिंप्राळ्यात एका कॉलनीत राहते आणि शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, धुळ्यात दिलेली. तिला लग्नानंतर पाच वर्षांनी दिवस राहिले. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण माहेरच्यांनी करायचं, आणि तिचं माहेर म्हणजे आता माझं घर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि समोर जास्वंदीची कुंडी.

फळीचं खूळ माझं. तिच्या नाशिकच्या जावेच्या डोहाळजेवणाचे फोटो तिने मला पाठवले होते. भलंमोठं लाकूड, त्यावर फळं, मिठाया, खारे पदार्थ असे दाटीने मांडलेले की लाकूड दिसू नये. त्याला ग्रेझिंग बोर्ड म्हणतात, असं खाली लिहिलेलं होतं. तिने ते नुसते गंमत म्हणून पाठवले होते. मी मात्र ते मनाला लावून घेतलं. धुळ्याच्या बायका घरी जाताना गाडीत म्हणतील, ‘माय नई ना, मंग असंच व्हई’, हे वाक्य कोणी बोलण्याआधीच माझ्या कानात वाजू लागलं होतं. मला त्यांचं तोंड बंद करायचं होतं. बहिणीला काय हवंय हे विचारण्याची मला गरजच वाटली नाही.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. शाळेतून एक जुना तक्ता आणला. त्याच्या पुढच्या बाजूला पचनसंस्था होती, मागच्या कोऱ्या बाजूला मी फळी आखली. आंबट एका कडेला, गोड मध्ये, खारं-तिखट दुसऱ्या कडेला. कैरीच्या फोडी तिखट-मीठ लावून, चिंच-गुळाच्या गोळ्या, आवळा, द्राक्षं, पेरू. मध्ये ओल्या नारळाच्या करंज्या, बेसनाचे लाडू, घडी घातलेले मांडे. उजवीकडे शेव, नागलीचे पापड, केळीचे वेफर्स, हिरव्या हरभऱ्याची उसळ. साधी केळी ठेवायची नाहीत असं मी ठरवलं होतं. जळगावात पाहुण्यांपुढे केळी ठेवणं म्हणजे घरात काही नव्हतं असं कबूल करणं. पपई तर गर्भारणीच्या घरात आणायचीही नसते. भरीत ठेवायची माझी फार इच्छा, पण ते पसरतं, तेल सोडतं, शेजारच्या करंज्या बिघडवतं. मी घरी दोनदा करून पाहिलं. नवरा वरणगावच्या कारखान्यातून दमून यायचा आणि ताटात पुन्हा भरीत बघून म्हणायचा, “बाळ तिला व्हायचंय की तुला?”

शेजारच्या मारवाडी भाभींनी एक अडचण काढली. त्या जैन. “दीदी, लसणाची शेव लाडवांना लागली तर मी काही खाऊ शकणार नाही हं,” त्या म्हणाल्या. मग मी फळीच्या मध्यातून हिरव्या द्राक्षांची एक ओळ काढली. तिच्या अलीकडे कांदा-लसूण नाही, पलीकडे चालेल. भाभी खूष झाल्या आणि घरची बिनलसणाची शेव देईन म्हणाल्या.

खरी अडचण बहिणीच्या सासूबाईंनी काढली, तीही फोनवर, अगदी साधेपणाने.

“एकच फळीवर बठ्ठ्या बाया हात घालतीन? मंग उष्टं नई व्हई का ते?”

मला राग आला. राग अशासाठी की त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे एकाने हात लावलेलं दुसरी घेणार नाही, मग ती फळी कितीही देखणी असो. फोटोतल्या बायकांना उष्ट्याचं काही नव्हतं, आमच्या बायकांना होतं. दोन दिवस माझी झोप उडाली. शेवटी तोडगा काढला: प्रत्येक पदार्थाजवळ एक चिमटा आणि प्रत्येकीच्या हातात पानाचा द्रोण. फळीवर हात कोणीच घालायचा नाही. पहिला घास मात्र गर्भारणीने घ्यायचा, तिने घेतल्याशिवाय चिमट्याला कोणी शिवायचं नाही. सासूबाईंना हे पटलं. “हुशार शे पोर,” असं त्या म्हणाल्याचं बहिणीने मला कळवलं आणि मी दिवसभर वर्गात हसतमुख होते.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बहीण राहायला आली. चेहऱ्यावर तेज होतं. पोट पुढे घेऊन ती खुर्चीत बसली आणि माझा तक्ता तिने नीट पाहिला, एकेका चौकोनावर बोट ठेवत.

“सगळं आहे गं यात,” ती म्हणाली.

“तुला अजून काही हवं का?” मी विचारलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

ती जरा घुटमळली. “कण्या खाव्याशा वाटतात. आई करायची तशा, ज्वारीच्या. ताक घालून.”

मी हसले. मला ते हसू अजून ऐकू येतं. “कण्या ठेवू फळीवर? धुळ्याचे लोक म्हणतील, बहिणीला भरडा खायला घातला.” नंतर करू, असं म्हणून मी मांड्यांची ऑर्डर द्यायला निघून गेले. ज्या जेवणाचं नावच डोहाळजेवण, त्यात तिचा एकुलता एक डोहाळा मी ‘नंतर’वर टाकला. त्या कण्या मी केल्याच नाहीत.

रविवार उजाडला. धुळ्याची गाडी अकराला येणार होती. आठ वाजता मी स्वयंपाकघरात जमिनीवर फळी ठेवून, केळीची पानं पुसून अंथरत होते. बहीण दारात येऊन उभी राहिली. केस ओले, खांद्यावर पंचा. आम्ही दोघी एकट्या असलो की आमच्या तोंडात गावची बोली येते.

“अक्का, काल सांजपाइन बाळ हाली नई ऱ्हायनं.”

मी वर पाहिलं. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता. ती विचारत होती. मी मोठी, मी शिकलेली, मी सांगेन ते खरं. मी विज्ञान शिकवते. पोरांना सांगते की बाळाला सगळं आईच्या रक्तातून मिळतं. आणि माझ्या तोंडून निघालं ते हे: “निजलं असेल. पेढा खा, गार पाणी पी, डाव्या कुशीवर पड जरा. आणि आज शुभ दिवस आहे, असलं अभद्र बोलू नको.”

तिने पेढा खाल्ला. गार पाणी प्यायली. आतल्या खोलीत जाऊन पडली. अर्ध्या तासाने जाऊन विचारायला हवं होतं, एवढं तर कोणीही केलं असतं. मी करंज्या मांडत होते. त्यांची टोकं एका दिशेला यायला हवी होती.

दहा वाजता भाभी तिला फुलांचे दागिने बांधत होत्या. भाभी टाचण्या आणायला घरी गेल्या तेवढ्यात तिने मला हाक मारली. “अक्का, दवाखानामा जाई येऊत का?”

दवाखाना स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर होता. मी म्हटलं, “गाडी एरंडोल सोडून पुढे आली आहे. ते दारात आणि तू घरात नाही, कसं दिसेल? ते गेले की लगेच जाऊ. शपथ.” तिने मान हलवली. कधी वाटतं, ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिला भांडायला मी शिकवलंच नव्हतं. आई शेतात असायची, लहानपणी तिला मीच सांभाळलं, आणि मी म्हणेन त्याला हो म्हणायचं हेच तिला शिकवलं.

कार्यक्रम झाला. झाला म्हणजे काय, गाजला. धुळ्याच्या बायका आल्या, फळीभोवती उभ्या राहिल्या. मग सगळ्यांचे मोबाईल बाहेर निघाले. हिरव्या साडीत, मोगऱ्याच्या बाजूबंदात बहीण पाटावर बसली होती. तिने पहिला घास घेतला, करंजीचा. मग चिमटे वाजू लागले. भाभी द्राक्षांच्या ओळीच्या अलीकडे, बाकीच्या पलीकडे. गाणी झाली. दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिने बर्फी उघडली. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं नाही, उलट तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “पहिली बेटी, धनाची पेटी.” निघायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं. माझा हात दोन्ही हातांत धरला. “माय ऱ्हायती तरी यानापेक्षा जास्त काय करती?” त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा क्षण होता असं मी त्या वेळी म्हटलं असतं.

त्या दिवसाचे फोटो माझ्याकडे आहेत. प्रत्येक फोटोत बहिणीचा हात पोटावर आहे. अशा फोटोत सगळ्याच बायका पोटावर हात ठेवतात. ती मात्र हाताने चाचपत होती, वाट बघत होती. माझ्या घरात चाळीस माणसं होती आणि हे फक्त मला ठाऊक होतं. मी पापड संपत आले म्हणून आत गेले होते.

चार वाजता गाडीत सामान चढत असताना ती पाटावरून उठली. सगळ्यांसमोर, मोठ्याने, शुद्ध मराठीत म्हणाली, “मला दवाखान्यात न्या.” माझ्याकडे बघून नाही. त्यांच्यासोबत आलेल्या नवऱ्याकडे बघून.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग आवाज बंद केला. त्या काय बोलल्या ते मला सलग आठवत नाही. ठोके नाहीत, एवढं आठवतं. बहिणीचा नवरा भिंतीला टेकून खाली बसला. सासूबाईंनी पदर तोंडात धरला. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “हालचाल कधीपासून नव्हती?”

“काल संध्याकाळपासून.”

“मग कोणाला सांगितलं नाही?”

मी दाराशी उभी होते. तिच्या अंगावरून काढलेले फुलांचे दागिने माझ्या हातातल्या पिशवीत होते. मी तोंड उघडलं होतं, हे मी देवाशप्पथ सांगते. पण ती माझ्याआधी बोलली. छताकडे बघत ती म्हणाली, “नाही.”

आणि मी तोंड मिटलं.

सकाळी आलो असतो तर बाळ वाचलं असतं का, हे मी नंतर बाहेर जाऊन विचारलं. खात्रीने सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कदाचित आधीच सगळं संपलेलं असेल. त्या ‘कदाचित’ला धरून मी अजून चालते, खाते, वर्गात जाते. ते माझ्या बाजूचं आहे की विरुद्ध बाजूचं, हे मला कधीच कळणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं बाळंतपण झालं. मुलगी होती. डोक्यावर दाट जावळ. मला पाहू दिलं, बहिणीनेच पाहू दिलं.

नंतर धुळ्याला भेटायला येणाऱ्या बायकांची रीघ लागली. मी आठ दिवस रजा काढून तिथे राहिले होते. सासूबाई वाईट नाहीत, हे सांगायलाच हवं. त्या नातीसाठी माझ्याहून जास्त रडल्या. पण दुःखाला धरायला काहीतरी लागतं, आणि त्यांना धरायला माझ्या बहिणीचं ते ‘नाही’ सापडलं होतं. येणाऱ्या प्रत्येकीला त्या तेच सांगत. “आखो दिन पोटमा धरी बठनी, कोनले सांगं नई. माले तरी सांगती वं माय, मी काय परकी शे का?” बायका बहिणीकडे बघत, कीव आणि राग दोन्ही एकाच नजरेत. मी सगळ्यांना चहा देत असे. चोराच्या मनात चांदणं. कोणी माझ्याकडे वळलं की मी रिकामे कप घेऊन आत जायचे. माझ्याकडे बघून मात्र त्या म्हणत, “बिचारी, इतली हौस करी बहीणनी.”

मला वाटलं होतं, हे बोलणं काही दिवसांनी थांबेल. ते मुरलं. त्या घरात बहीण ‘न सांगणारी’ ठरली. तिला साधी शिंक आली तरी सासूबाई कपाळाला हात लावून बघत, कारण ‘ही काही बोलायची नाही’. नवरा कामावरून तीनदा फोन करी, काळजीने आधी, मग संशयाने. चुलीवर दूध उतू गेलं तरी तेच वाक्य: “तुझं काही कळत नाही बाई.” फोनवर ती मला हे सांगायची नाही. मला ते तिच्या नणंदेकडून कळलं, तेही बहिणीबद्दलची तक्रार म्हणूनच. ज्या पोरीने दोनदा सांगितलं, तिच्यावर आयुष्यभर न सांगितल्याचा शिक्का बसत होता. तो शिक्का मी एका वाक्यात पुसू शकत होते.

वर्ष झालं तेव्हा मला ते असह्य झालं. एक गोष्ट मात्र मनात उबेला होती. तिने मला वाचवलं होतं. मरणाच्या वेदनेत असताना तिने मला पाठीशी घातलं, इतका तिचा माझ्यावर जीव. त्या जिवाला जागायचं, जाऊन खरं सांगायचं, मग जे होईल ते होवो, असं ठरवून मी बसने धुळ्याला गेले.

ती गच्चीवर होती. उन्हात जुन्या साडीवर पापडासारखे बिबडे घालत होती. हात ज्वारीच्या पिठाने माखलेले. सासूबाई खाली माझ्यासाठी पाणी आणायला गेल्या होत्या. मी तिच्याशेजारी बसले आणि एका दमात म्हणाले, “मी आज सांगणार आहे. तू मला दोनदा सांगितलंस ते. तुझ्या सासूबाईंना, सगळ्यांना.”

तिने हात थांबवला नाही. एक बिबडा गोल फिरवून पुरा केला. मग जिन्याकडे एकदा बघून, खालच्या आवाजात बोलली.

“काहीच सांगू नको. मनी सासूले समजनं ते ती माले तुना दारशी येऊ देणार नई.”

“मग न का येऊ देईना. तुझ्यावरचा आळ तर जाईल.”

“आळ गया ते काय व्हई?” ती म्हणाली. आता तिने माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा सरळ पाहिलं. “मी तुले माफ करेल नई शे, अक्का. दवाखानामा बी तुनासाठे खोटं बोलनी नई मी. माले माहेर एकच शे. ते बी गयं ते मी कोठे जासू?”

तिच्या आवाजात राग नव्हता. आधीच विचार करून ठेवलेलं होतं ते सगळं. त्या खाटेवर, यंत्राचा आवाज बंद झाल्यावर, पोटात मेलेलं मूल असताना तिने हे ठरवलं होतं. मी वर्षभर ज्याला माया समजत होते ते हे होतं.  मला ओरडून रडायचं होतं. पण तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

सासूबाई तांब्या घेऊन वर आल्या. धाप लागली होती. माझ्या हातात पाणी दिलं, पदराने कपाळ पुसलं आणि आमच्या मध्ये डोक्यावर पदर ओढून बसल्या. बहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मायेने विचारलं, “काय बोली ऱ्हायन्यात दोन्ही बहिनी? हाई माले काही सांगत नई, तुले ते सांगस ना?”

बहीण पुढचा बिबडा घालत होती.

“काही नाही,” मी म्हटलं.